तळाच्या दोन संघांची मॅच

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी साडेदहाची पुण्याची एसटीची इलेक्ट्रिक बस. मी सव्वादहाला मध्यवर्ती बसस्थानकावर पोचलो. मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यांच्या मुलानं सोयगावहून जीपनं आणून सोडलं. त्यांच्याजवळ एक पिशवी आणि एक गाठोडं होतं. सीट अकरा आणि बारा. गाडी वेळेवर सुटली. चार वाजून गेल्यावर वाकडेवाडीला उतरलो. जवळच्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या, समोरच्या खानावळीत जेवलो, झोपलो.

माझ्या हातून एवढंच लिहून झालं असतं. पण हा ब्लॉग रेखाचा आहे आणि तिचे वाचक तपशील विचारतात, हे मला माहीत आहे. रस्ता कसा, खायचं काय, तिकीट कुठं मिळतं. पितळखोरा, म्हैसमाळ, लोणार हे सगळं तिनं लिहिलंय. मी फोटो काढायचो आणि गाडी चालवायचो. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. लिहायची सवय नाही. ज्यांना अजून कळलं नसेल त्यांच्यासाठी : रेखा, माझी बायको, गेल्या मार्चमध्ये हृदयविकारानं गेली. ब्लॉग तेव्हापासून बंद होता.

रेखा बास्केटबॉलच्या मॅचला टेबलवर बसायची. म्हणजे खेळायची नाही. कॉलेजात खेळली होती, पण नंतर वीस वर्षं ती स्पर्धांमध्ये गुणलेखक होती. शाळांच्या, विद्यापीठाच्या, कधी राज्य पातळीच्या. आपल्या देशातली व्यावसायिक लीग सुरू झाल्यावर एक तरी सामना मैदानावर जाऊन बघायचा, असं तिच्या मनात होतं. मागच्या वर्षी तिनं मला मोबाइलवर वेळापत्रक पाठवलं. तीन सामन्यांवर खूण केलेली आणि खाली प्रश्न, "यातली कुठली?" मी उत्तर दिलं, "बघू." ते वर्ष तसंच गेलं.

यंदा वेळापत्रक आलं तेव्हा मी पुन्हा तीन सामने काढले, सगळे पुण्यातले. अंतिम सामना रविवारी संध्याकाळी, तिकीट पंधराशेपासून. पहिल्या दोन संघांचा सामना शनिवारी, आठशे. आणि तळाच्या दोन संघांचा, भिलाई आणि कोट्टायमचा, गुरुवारी दुपारी तीनला, तीनशे. कारखान्यात शेखभाईंना विचारलं. ते क्रिकेटचे माणूस, पण सल्ला सगळ्याचा देतात.

"फायनल देखो ना सर. तळ के टीमां को कौन देखता? उनके घरवाले भी नै आते."

मी फायनलचं तिकीट जवळजवळ काढलंच होतं.

मग जानेवारीत सोयगावला गेलो. रेखाच्या बँकेच्या एका कागदावर मामींची सही हवी होती. मामी म्हणजे रेखाची आई. इथं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्या घरात सासू जावयाशी थेट बोलत नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण मामींचं माझ्याशी बोलणं कायम रेखामार्फत. "रेखा, पाव्हण्याला इचार, च्या घेनार का." मी समोरच बसलेलो असायचो. मी म्हणायचो, "घेईन," आणि रेखा म्हणायची, "घेतो म्हणतात." आम्ही दोघं नंतर यावर खूप हसायचो. रेखा गेल्यावर तिची भावजय सुमन हे काम करते.

"सुमन," मामी म्हणाल्या, "पाव्हणं मघापासून मोबाइलमदी काय बघायलेत, इचार बरं."

सुमननं विचारायच्या आधीच मी सांगितलं. तीन मॅच आहेत, कुठली बघावी कळत नाही.

"त्येंला इचार, रेखानं कुठली बघितली असती?"

याचं उत्तर मला येत होतं. रेखा म्हणायची, वरच्या संघांची मॅच असली की लोक संघ बघतात, खालच्यांची असली की खेळ दिसतो. शिवाय गर्दी नसते, टेबलासमोर हवी ती जागा मिळते. मी ते सांगितलं.

"मंग झालं की. त्येच बघायची," मामी म्हणाल्या. "आन त्येंला सांग, म्या बी येते."

मी "बरं" म्हणालो. खरं सांगायचं तर मला ते नको होतं. कारण असं आहे. रेखा शनिवारी पहाटे गेली. शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली होती की डावा खांदा दुखतोय, जिना चढताना दम लागला, दवाखान्यात जाऊन येऊ या का. मी म्हणालो, दोन दिवस वाकून लिहिलंस, खांदा दुखणारच. रविवारी जाऊ. तिसऱ्या दिवशी सोयगावच्या ओसरीत मामींनी सुमनमार्फत विचारलं, "आदल्या दिशी काय म्हनली व्हती का?" सगळे बसले होते. मी म्हणालो, "काही नाही."

आम्हाला मूलबाळ नाही. रेखा गेल्यावर मामींना माझ्याशी बांधून ठेवणारं काही नव्हतं, आणि जे थोडं होतं त्यात हे खोटं बसलेलं होतं. त्यांच्याबरोबर सहा तास शेजारी बसायचं आणि तेही बोलायला कुणी मध्ये नसताना, याची मला भीती वाटत होती.

तर बस. गाडी आरामशीर आहे, आवाज कमी, एसी चांगला. भाडं पाचशेच्या वर, बायकांना अर्धं तिकीट. वाळूजपर्यंत वाहतूक असते, पुढं रस्ता मोकळा. मामींनी खिडकीची सीट घेतली. कंडक्टर तिकीट बघायला आला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"बाबा, ह्येंला इचारा, पानी पायजे का."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "मावशी, ते तुमच्या बाजूलाच बसलेत की."

"जावई हायत," मामी म्हणाल्या.

"अच्छा," तो म्हणाला आणि अगदी गंभीरपणे माझ्याकडं वळला. "पाव्हणं, पाणी पाहिजे का?"

मी हो म्हणालो. त्यानंतर नगरपर्यंत तो जाता-येता स्वतःहून थांबायचा, आमच्यात काही निरोप आहे का बघायला.

कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल लागतो. आपल्याकडचे लोक अस्थी तिथंच नेतात. आम्हीही नेल्या होत्या. पूल दिसायला लागला तशी मामींनी कमरेच्या पिशवीतून एक नाणं काढलं आणि काच सरकवायला लागल्या. काच सरकेना. एसीची गाडी, काचा बंदच असतात. त्यांनी दोन्ही हातांनी लावून पाहिलं. तोवर पूल संपला.

कंडक्टर आला. "उघडत नाही मावशी ती."

"गोदामाईला पैसा न टाकता कसं जायचं?"

"सगळी गाडी तशीच गेली ना आत्ता."

"येताना साद्या गाडीनं येऊ. ह्येंला सांगा."

त्यानं सांगितलं. मी मान डोलावली.

नगरच्या पुढं गाडी वीस मिनिटं थांबते. हॉटेलात मिसळ बरी होती. मामींनी गाठोड्यातली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा काढला आणि अर्धी भाकरी माझ्या बाजूला सरकवली. त्याला मध्यस्थ लागला नाही. पुढं शिरूर, शिक्रापूर. वाघोलीपासून पुण्यात शिरायला तास लागतो, तो धरून चला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी मामींना कुठं काही बघायचंय का विचारलं, म्हणजे लॉजच्या मॅनेजरला त्यांना विचारायला सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्यासाठी आलो ते बघू. एक वाजता रिक्षा केली. बालेवाडीला पोचायला पाऊण तास लागला. तुम्ही जाणार असाल तर रिक्षा मोठ्या फाटकाशी सोडते, तिथून हॉलपर्यंत बरंच चालावं लागतं. सावली कमी आहे. पायात चप्पल बरी घाला.

दारात तपासणी असते. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. सुरक्षारक्षकानं मामींचं गाठोडं उघडायला सांगितलं.

"मावशी, खायचं आत नेता येणार नाही."

"खायचं नाय, भाकर हाय."

"भाकर खायचीच असते ना."

"खायचं म्हंजी ते पुडीतलं. ही भाकर हाय," मामी म्हणाल्या. त्यांना नियम कळत नव्हता असं नाही. त्यांच्या दृष्टीनं फरक होताच.

तो हसला. "गाव कुठलं?"

"सोयगाव. आन तुमचं?"

"परभणीकडं." त्यानं गाठोडं आपल्या टेबलाखाली ठेवलं. "परत जाताना घेऊन जा."

"भूक लागली तर खा. ठेचा खालच्या फडक्यात हाय."

हॉल मोठा आहे आणि त्या दिवशी पाव भरलेला होता. शेखभाई म्हणाले ते अगदीच खोटं नव्हतं. आम्ही मैदानाच्या मधल्या रेषेसमोर, टेबलाच्या बरोबर पुढं, चौथ्या रांगेत बसलो. तिकीट काढताना हीच बाजू निवडा. बास्केटमागच्या जागा स्वस्त असल्या तरी तिथून अर्धाच खेळ दिसतो. हे माझं नाही, रेखाचं मत.

शेजारी एक पुण्याच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, एकट्याच आलेल्या. मामींनी पाच मिनिटांत त्यांची चौकशी पूर्ण केली. त्या निवृत्त क्रीडाशिक्षिका होत्या.

खेळ सुरू झाला. मला वाटलं होतं मामी घाबरतील, चेंडू अंगावर येईल म्हणतील. त्या खेळाडूंकडं बघतच नव्हत्या. समोर टेबलावर चौघं बसले होते, आणि त्यातली एक तरुण मुलगी लाल पेननं मोठ्या कागदावर खुणा करत होती. मामींची नजर तिच्यावर होती.

"बाई, ती काय लिवती?"

"गुण लिहिते," शेजारच्या बाई म्हणाल्या. "प्रत्येक बास्केट, प्रत्येक फाउल. पहिला भाग लाल पेननं, दुसरा निळ्यानं. मग परत लाल. म्हणजे नंतर कुणी भांडलं तर कळतं, कुठल्या भागात काय झालं."

मामी पुढं वाकून त्या मुलीकडं बघत राहिल्या. मग त्या बाईंना म्हणाल्या, "आमची पोर ह्येच करायची व्हय? म्या लोकाला सांगायचे, खेळायला जाती. चाळीशी झाली तरी खेळायला जाती म्हनून भावकी हसायची. म्या बी हसायचे. ती तर लिवायला जात व्हती."

"तुमची मुलगी टेबल ऑफिशियल होती? अहो, सगळ्यात अवघड काम ते. खेळाडू चुकला तर चालतं, टेबल चुकलेलं चालत नाही."

दुसऱ्या भागाची शिट्टी झाली. मुलीनं लाल पेन ठेवलं आणि निळं घेतलं. मामींनी माझ्याकडं पाहिलं. रेखाच्या पर्समध्ये कायम दोन पेनं असायची. मामींनी एकदा त्यातलं लाल पेन नातवाला दिलं होतं आणि रेखा चिडली होती. त्यांना तेव्हा कळलं नव्हतं एवढं काय चिडायचं.

मध्यंतराला भिलाई सात गुणांनी मागं होती. मामी भिलाईच्या बाजूनं होत्या. खरं म्हणजे डाव्या बास्केटच्या बाजूनं होत्या. तिकडं चेंडू गेला की टाळ्या. शेजारच्या बाई चहा आणायला गेल्या. आमच्या दोन्हीकडं कुणी नव्हतं.

मी समोर बघत म्हणालो, "मामी, रेखा आदल्या दिवशी म्हणाली होती."

त्या टेबलाकडंच बघत होत्या.

"खांदा दुखतो म्हणाली होती. दवाखान्यात जाऊ म्हणाली होती. मी रविवारी जाऊ म्हणालो. तुम्ही विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणालो, ते खोटं होतं."

मी अजून काही बोलणार होतो, माफी वगैरे. पण तेवढंच सुचलं. खाली मैदानावर दोन माणसं फरशी पुसत होती.

बाई चहाचे तीन कप घेऊन आल्या. मामींनी कप घेतला. पदर पुढं ओढला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बाई, ह्येंला सांगा, म्या ऐकलं."

बाईंना काहीच कळलं नाही. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्यांनी ऐकलंय म्हणे." मी मान डोलावली.

तिसरा भाग सुरू झाला. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. आता डाव्या बास्केटवर कोट्टायमचे खेळाडू चेंडू टाकत होते. मामींना ते माहीत नव्हतं. डावीकडं चेंडू गेला की त्या टाळ्या वाजवत होत्या, पण चेहरा तसाच, घट्ट. तीन वेळा झालं. मागच्या रांगेतलं कॉलेजचं पोरगं हसायला लागलं.

"आजी, तुमची टीम त्या बाजूला गेली. हे दुसरे आहेत."

मामींनी मैदानाकडं नीट पाहिलं. जर्सीचे रंग पाहिले. मग म्हणाल्या, "गेली तर गेली. ह्या बाजूला जे आलेत, त्येंला बी कुनी पायजे की."

आणि त्या पुढचा सगळा वेळ डाव्याच बास्केटला टाळ्या वाजवत राहिल्या.

सामना कोट्टायमनं जिंकला, तीन की चार गुणांनी. शेवटच्या दोन मिनिटांत खेळापेक्षा टेबलाची गडबड जास्त होती, वेळ थांबव, सुरू कर, पंच येऊन विचारतात, मुलगी बोटानं कागदावर दाखवते. रेखा याच दोन मिनिटांबद्दल घरी येऊन तास तास बोलायची. मी ऐकत असायचो, म्हणजे तसं दाखवायचो. आता कळलं ती कशाबद्दल बोलत होती. तिनं आता परत "यातली कुठली?" विचारलं असतं तर मी सांगू शकलो असतो.

बाहेर पडताना गाठोडं परत घेतलं. हलकं झालं होतं. रक्षक म्हणाला, "मावशी, ठेचा लई जाळ होता." मामी म्हणाल्या, "मंग जेवला तर."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी सातची साधी लाल एसटी. भाडं कमी, वेळ जवळपास तेवढाच, पाठीला थोडा त्रास. पण काचा उघडतात. वारा येत होता म्हणून बोलायची सोय नव्हती, आणि ते बरंच होतं. नगरला पोहे खाल्ले.

टोक्याच्या पुलावर मामींनी काच सरकवली आणि नाणं टाकलं. पाण्यात पडलं का वाळूत, दिसलं नाही. त्यांनी हात जोडले. मग काच लावून घेतली आणि माझ्याकडं न बघता बोलल्या. कंडक्टर पार पुढं होता, मागच्या सीटवरचे झोपलेले होते.

"पाव्हणं."

तेवीस वर्षांत ही पहिली हाक.

"राग आला मला. काल लई आला. अजून हाय. तुमच्यावर राग नाय असं म्हननार नाय म्या."

मी "हो" म्हणालो.

"पर कुनावर किती, ते मला वाटता येईना. तिच्या बापाला छातीतच झालतं. मला ठावं व्हतं, तरी म्या तिला कदी बोलले नाय, तपासून घे म्हनून. तुमच्यावर किती टाकू आन माज्यावर किती?"

गंगापूरचा फाटा गेला. मग त्या म्हणाल्या, "तवा का नाय सांगितलं?"

"तुम्ही परत घरात घेणार नाही असं वाटलं."

"नसतंच घेतलं," मामी म्हणाल्या. "तवा नसतं घेतलं."

बसस्थानकावर एकला पोचलो. दीडची सोयगावची गाडी लागलेली होती. मी त्यांना खिडकीजवळ जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. त्यांनी विचारलं, "घरी भाजी हाय का काय?" मी आहे म्हणालो. नव्हती. हे खोटं मला लगेच खुपलं, म्हणून गाडी हलताना खिडकीशी जाऊन सांगितलं, "नाही, नाहीये. घेतो आता." त्या हसल्या का ते कळलं नाही, गाडी वळली.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात : सामना कुठला बघावा असं कुणी विचारलं तर मी तळाच्या दोन संघांचा सांगेन. फायनल टीव्हीवर चांगली दिसते. टेबल टीव्हीवर दिसत नाही. सोबत कोणाला न्यावं हे मी सांगू शकत नाही. मला जी सोबत नको होती ती मिळाली, आणि त्या माणसाचा राग अजून आहे, आणि तो आता माझ्या समोर आहे. पाठीमागं नाही. मला हे जास्त बरं वाटतं. रेखाला मात्र मी "बघू" म्हणालो होतो ते तसंच राहिलं. त्याचं काही करता येत नाही.

औरंगपुऱ्यातून मेथी आणि वांगी घेऊन घरी आलो. पाच वाजता सोयगावला फोन लावला. एरवी फोन रेखाच करायची. मी बाजूनं बोलायचो, "मामींना नमस्कार सांग." सुमनच्या फोनवर लावता आला असता, पण मामींच्याच फोनवर लावला. बराच वेळ वाजला.

"पोचले," मामी म्हणाल्या.

"बरं," मी म्हणालो.

फोनवर मध्ये कुणी नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "जेवन करा येळेवर," आणि ठेवला.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, पाणी आलं म्हणून. आमच्याकडं आठवड्यातून एकदा येतं, ते चुकवून चालत नाही. मी मोटार लावली, टाकी भरायला सोडली, खालचे दोन ड्रम भरले, मग हंडा, मग बादल्या. एका माणसाला एवढं लागत नाही, पण सगळं भरलं. नळ बंद केला, ड्रमवर झाकणं ठेवली आणि जिन्यात सांडलेलं पाणी फडक्यानं पुसून घेतलं.